‘नुसतं ओपन लिहा, बाकी पायथन बघतो’ हे खरं नाही

पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: पायथन ३ मध्ये सगळं युनिकोडच (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) आहे, तेव्हा ओपनला, म्हणजे फाइल उघडणाऱ्या आज्ञेला, फाइलचं नाव द्या, एन्कोडिंगची (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीची) भानगड नको; क्लोजही, म्हणजे फाइल बंद करणंही, पायथन आपोआप करतो. नवख्यांना कृपया हे सांगू नका.

‘सगळं युनिकोड’ हे अर्धंच खरं. मेमरीतली स्ट्रिंग युनिकोड असते, डिस्कवर असतात नुसते बाइट. ते कसे वाचायचे हे सांगितलं नाही, तर ओपन ऑपरेटिंग सिस्टिमचं सेटिंग धरतं. लिनक्स आणि मॅकवर ते बहुधा यूटीएफ-८ हे युनिकोडचं एन्कोडिंग असतं, म्हणून सल्ला देणाऱ्याचं काही अडत नाही. इंग्रजी विंडोजवर ते साधारणपणे सीपी१२५२ असतं, म्हणजे देवनागरी नसलेलं, युरोपीय भाषांसाठीचं जुनं एन्कोडिंग.

तिथे यूटीएफ-८ मधली देवनागरी फाइल उघडून बघा. ‘मराठी’चे १५ बाइट होतात आणि सीपी१२५२ मध्ये त्या प्रत्येकाला काही ना काही चिन्ह आहे. एरर येत नाही, पाच अक्षरचिन्हांऐवजी १५ निरर्थक चिन्हं हातात पडतात. ‘पुस्तक’ला मात्र प्रोग्राम कोसळतो, कारण उकाराचा शेवटचा बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकांत) ८१ आणि ती जागा सीपी१२५२ मध्ये रिकामी आहे. जोडाक्षर घडवणाऱ्या हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, तीच गत. म्हणजे साध्या शब्दांवर तपासलेला कोड पहिल्याच जोडाक्षराला मोडतो. मला तर न मोडणाऱ्या फाइलची जास्त धास्ती वाटते, कारण तिथे चूक कुणाला दिसतच नाही.

लिहिताना नुकसान आणखी मोठं. ‘डब्ल्यू’ मोडमध्ये, म्हणजे लिहिण्यासाठी, फाइल उघडताक्षणी रिकामी होते; त्यानंतर देवनागरी ओळ लिहायला गेलात की युनिकोडएन्कोडएरर. नवा मजकूर लिहिला गेला नाही आणि जुनाही हातचा गेला.

‘पुढे यूटीएफ-८ डिफॉल्टच होणार आहे ना?’ हो, पेप ६८६ (पायथनमधल्या बदलाचा अधिकृत प्रस्ताव) नुसार पायथन ३.१५ पासून. पण जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षं चालतात, आणि सीपी१२५२ मध्ये लिहून ठेवलेल्या फाइलींना तेव्हाही त्यांचं एन्कोडिंग सांगावंच लागेल. ३.१० पासून पायथनला असा इशारा द्यायला लावता येतो की ओपनमध्ये एन्कोडिंग राहिलेली प्रत्येक ओळ समोर येते. तो एकदा चालू करून बघाच.

क्लोजबद्दल थोडक्यात. फाइलचा शेवटचा संदर्भ (तिच्याकडे बोट दाखवणारं व्हेरिएबल) सुटला की सीपायथन, म्हणजे नेहमीचं पायथन, ती बंद करतो, पण पायपाय हे पायथनचं दुसरं रूप लगेच करत नाही. शिवाय व्हेरिएबल जिवंत असेपर्यंत शेवटच्या ओळी बफरमध्येच (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यातच) अडकलेल्या असू शकतात, आणि तीच फाइल वाचणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामला अपुरा मजकूर मिळतो. फाइल ‘विथ’च्या ब्लॉकमध्ये उघडली की तो ब्लॉक संपताच, मध्ये एरर आली तरी, फाइल बंद होते.