पाठीवर अंडी वाहणारा बाप आणि ‘विषाणूवाला किडा’

मावशीने रविवारी घरच्या ग्रुपवर ‘जगभरातले कीटक : शाळेत न शिकवलेली ७ सत्यं’ असा लांबलचक मेसेज टाकला. असले मेसेज मी उघडतसुद्धा नाही. पण तिची सात वर्षांची नात त्या रात्री दिवा चालू ठेवूनच झोपली. खिडकीच्या जाळीवर एक काळा भुंगा बसला होता आणि मेसेजातल्या फोटोप्रमाणे तो आपल्या हाताला भोकं पाडणार, अशी तिची खात्री झाली होती. मग वाचला. सातातलं एकही विधान धड नाही.

ज्याने पोरगी घाबरली, ते आधी. मेसेज म्हणतो की परदेशातून एक नवा किडा आलाय, त्याच्या पाठीवरच्या पुळ्यांत विषाणू असतो, हात लावला की तो अंगभर पसरतो आणि कातडीला भोकं पडतात. खाली दोन फोटो: पाठीवर दाणेदार थर असलेला चपटा तपकिरी किडा आणि भोकाभोकांचा एक हात.

तो हात खोटा आहे. कमळाच्या पाकळ्या गळल्यावर बियांची जी चाळणीसारखी वाटी उरते ना, तिचा फोटो कातडीवर चिकटवलाय. हे चित्र कित्येक वर्षं फिरतंय, दर वेळी नव्या किड्याच्या गळ्यात बांधून.

किडा मात्र खरा आहे. तो पाण्यातला मोठा ढेकूण, जायंट वॉटर बग. नवा नाही आणि कुठून आलेलाही नाही. त्याचं कुळ अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर आहे, उष्ण भागांत जास्त. तळी, डबकी, संथ ओढे ही त्याची घरं. रात्री दिव्याकडे उडत येतो, म्हणून अचानक भिंतीवर दिसतो आणि ‘नवीन’ वाटतो. आणि त्या पुळ्या? ती अंडी आहेत. या कुळातल्या बऱ्याच जातींत मादी अंडी नराच्या पाठीवर चिकटवते आणि पुढचं सगळं नर बघतो. पृष्ठभागाशी येऊन अंड्यांना हवा देतो, पाणी हलतं ठेवतो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत ओझं वागवतो. कीटकांमध्ये एकट्या बापाने अंडी सांभाळल्याची उदाहरणं फार थोडी आहेत, त्यातलं हे एक. फोटोतला ‘राक्षस’ म्हणजे लेकरं पाठीवर घेऊन निघालेला बाप, आणि मेसेज सांगतो की दिसताक्षणी ठेचा.

मेसेजातलं ‘हाताने धरू नका’ एवढं मात्र मी मान्य करतो, नाइलाजाने. त्याची सोंड भक्ष्यात पाचक लाळ सोडते आणि चावला तर चांगलाच झोंबतो. पण झोंबणं वेगळं आणि विषाणू वेगळा. थायलंडमध्ये याच कुळातली एक मोठी जात लोक आवडीने खातात. पुढचं काय बोलायचं?

दुसरं ‘सत्य’: मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल, इति आइन्स्टाइन. आइन्स्टाइन १९५५ साली गेला. त्याच्या लिखाणात हे वाक्य कुठेही नाही. त्याच्या नावावर ते १९६० च्या दशकात मधपाळांच्या मासिकांत आलं आणि १९९४ मधल्या ब्रुसेल्समधल्या मधपाळांच्या आंदोलनात गाजलं. वाक्य कुणाचंही असो, हिशेब तरी बरोबर आहे का? २००७ साली ब्रिटनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांचा आढावा आला. त्यातल्या ८७ पिकांना परागीभवनासाठी प्राण्यांची कमी-जास्त मदत लागते. ऐकायला भयंकर. पण उत्पादनाच्या वजनाने पाहिलं तर या पिकांचा वाटा ३५ टक्के, आणि ६० टक्के अन्न ज्यांना ती मदत लागतच नाही अशा पिकांतून येतं. गहू, तांदूळ, मका यांना मधमाशीची गरज नाही. माश्या गेल्या तर फळं, भाज्या, सुका मेवा यांची दैना होईल, आहार निकस होईल. हे गंभीरच आहे. चार वर्षांत नामशेष होणं हे नव्हे.

शिवाय ‘मधमाशी’ म्हणजे नक्की कोण? जगात मधमाशीच्या गोतावळ्यातल्या माश्यांच्या २०,००० च्या आसपास जाती आहेत आणि मेसेज बोलतो एका पेटीतल्या माशीबद्दल. ती माशी अमेरिका खंडांत नव्हतीच. युरोपीय वसाहतवाल्यांनी १६२२ साली ती व्हर्जिनियात नेली. त्याआधी हजारो वर्षं तिथे भोपळे पिकत होते, भोपळ्यांच्याच फुलांवर जगणाऱ्या एकांड्या माश्यांच्या जिवावर. माया लोक तर मेक्सिकोतल्या युकातानमध्ये नांगी नसलेल्या माश्या पाळून मध काढत होते. टोमॅटोचं फूल जोरात थरथरवलं की परागकण नीट सुटतात. ते कसब भुंगेरी माश्यांकडे (बंबलबी) आहे, पेटीतल्या मधमाशीकडे नाही.

‘अंटार्क्टिकात एकही कीटक नाही.’ आहे. बेल्जिका अंटार्क्टिका नावाची बिनपंखी माशी, २ ते ६ मिलिमीटरची. तिथल्या द्वीपकल्पावर शेवाळात राहते. अळी दोन हिवाळे गोठत काढते आणि प्रौढ माशी जेमतेम दहा दिवस जगते. निव्वळ जमिनीवर राहणारा तिथला सर्वांत मोठा मूळ प्राणी हीच! हत्तीसीलचा फोटो टाकून मेसेजवाल्याने हिला विसरावं, हे त्याच्या अभ्यासाला शोभतं.

‘समुद्रात कीटक नसतात’ हे जवळजवळ खरं, म्हणून जास्त चीड येते. हॅलोबेटिस या पाण्यावर धावणाऱ्या निवळीसारख्या कीटकाच्या पाच जाती किनाऱ्यापासून दूर, भर महासागराच्या पृष्ठभागावर आयुष्य काढतात. अंडी तरंगत्या पिसांवर, लाकडांवर घालतात, आता प्लॅस्टिकवरही.

झुरळ अणुयुद्धातून वाचेल? माणसापेक्षा जास्त किरणोत्सर्ग सोसतं, खरंय, पण फळमाशी त्याच्याहून जास्त सोसते. आणि स्फोटाची धग झुरळाला वेगळी लागत नाही. भुंगा (म्हणजे तीच बंबलबी) विज्ञानाच्या नियमांविरुद्ध उडतो म्हणे. नाही हो, तो पंख पुढेमागे फिरवून हवेत भोवरे तयार करतो, आणि हे मोजून झालंय.

सातवं, ‘जगातला सर्वांत विषारी कीटक कोळी’. कोळ्याला पाय आठ, कीटकाला सहा. हे शाळेत शिकवतात.

हे सगळं ग्रुपवर टाकून दोन दिवस झाले. मावशीचा मेसेज अजून तिथेच आहे, त्याखाली ‘खूप छान माहिती’ आणि चार अंगठे. माझ्या उत्तराखाली एकच प्रतिसाद आलाय, नातीचा, आजीच्या फोनवरून: ‘त्या बाबाचा अजून फोटो आहे का?’