आधी उहुरू, मग उमोजा

टांझानियाच्या राजचिन्हाच्या तळाशी एका फितीवर तीन स्वाहिली शब्द लिहिलेले आहेत : ‘उहुरू ना उमोजा’. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य, उमोजा म्हणजे एकता आणि ‘ना’ म्हणजे आपला ‘आणि’. माझी बरीच वर्षे महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवण्यात गेली. आफ्रिकेचा विषय निघाला की मी हे तीन शब्द आधी फळ्यावर लिहीत असे, कारण अखिल आफ्रिकी ऐक्याच्या चळवळीचा सगळा पेच मला त्या मधल्या ‘ना’मध्ये दिसतो. आपले भवितव्य आपण ठरवण्याचा हक्क प्रत्येक समाजाला हवा, आणि त्या हक्काचा काही भाग सर्वांच्या हितासाठी एकत्रही ठेवायला हवा. हे दोन्ही कसे साधायचे, आणि कोणाला विचारून साधायचे?

२५ मे हा ‘आफ्रिका दिन’ म्हणून पाळला जातो. १९६३ साली याच दिवशी अदिस अबाबा येथे इथियोपियाचे सम्राट हैले सेलासी यांच्या यजमानपदाखाली आफ्रिकी ऐक्य संघटनेची स्थापना झाली. तिच्या सनदेत मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट लिहिलेली आहेत : सर्व सदस्य राष्ट्रांची समानता, एकमेकांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे, प्रत्येकाच्या सार्वभौमत्वाचा आणि प्रादेशिक अखंडतेचा आदर, तंट्यांचा शांततेने निकाल, राजकीय हत्यांचा निषेध, परतंत्र प्रदेशांच्या मुक्तीला वाहून घेणे आणि महासत्तांच्या गटांपासून अलिप्तता. वाचताना यांतल्या एकाही तत्त्वाला नकार द्यावासा वाटत नाही. मात्र सनदेचे पहिले शब्द माझ्या मनात नेहमी खुपत आले आहेत. ती ‘आम्ही, आफ्रिकेतील राज्यांचे आणि सरकारांचे प्रमुख’ असे म्हणून सुरू होते. ज्यांनी शाळेत ‘आम्ही, भारताचे लोक’ हे शब्द रोज म्हटले आहेत त्यांना या आरंभातले अंतर समजावून सांगावे लागणार नाही. त्यानंतर लगेचच, आपले भाग्य आपल्या हाती ठेवणे हा सर्व लोकांचा हक्क आहे, असेही सनद म्हणते. म्हणजे हक्क लोकांचा मानला, पण त्याची किल्ली राष्ट्रप्रमुखांच्या खिशात राहिली.

त्या राष्ट्रप्रमुखांवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांची भीती समजून घेतली पाहिजे. बर्लिन परिषदेने १८८४-८५ मध्ये वसाहतींच्या वाटणीचे नियम ठरवले, आणि पुढे युरोपीय राष्ट्रांनी आपसांत आखलेल्या सीमांनी एकच भाषा बोलणारे लोक दोन-तीन झेंड्यांखाली गेले, तर एकमेकांना परके असलेले समाज एका झेंड्याखाली आले. १९६० मध्ये काँगो स्वतंत्र होताच खनिजांनी समृद्ध असा कटांगा प्रांत बेल्जियमच्या पाठबळावर फुटून निघाला आणि पुढच्या जानेवारीत काँगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांची हत्या झाली. अदिस अबाबाच्या परिषदेआधी अवघे चार महिने टोगोचे अध्यक्ष सिल्व्हानस ऑलिम्पियो आपल्याच सैनिकांकडून मारले गेले. सीमांना हात लावला तर साऱ्या खंडाचा काँगो होईल, ही धास्ती त्या सभागृहातल्या प्रत्येकाला होती आणि ती निराधार नव्हती. अलिखित स्वरूपात तिने संपूर्ण सनद व्यापली आहे.

घानाचे पहिले अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांचे उत्तर याहून वेगळे होते. सुटी सुटी लहान राष्ट्रे स्वतंत्र म्हणवली तरी त्यांचा व्यापार, चलन आणि संरक्षण बाहेरच्यांच्या हाती राहील, म्हणून संपूर्ण खंडाचे एक सरकार आताच, उशीर होण्यापूर्वी, स्थापन करा, असा त्यांचा आग्रह होता. घानाच्या १९६० च्या राज्यघटनेत तर आफ्रिकी संघराज्यासाठी घानाचे सार्वभौमत्व पूर्णतः वा अंशतः सोडून देण्याची तरतूद त्यांनी करून ठेवली. स्वतःच्या राष्ट्राच्या घटनेतच ते राष्ट्र विसर्जित करण्याची सोय करणारा नेता विरळाच. एन्क्रुमांचे निदान अचूक होते, असे माझे स्पष्ट मत आहे. पण खंडाला एकतेची हाक देणाऱ्या याच नेत्याने देशात खटल्यावाचून स्थानबद्धतेचा कायदा आणला, आणि त्या कायद्याखाली पकडलेले ज्येष्ठ विरोधी नेते जे. बी. डँक्वा १९६५ मध्ये तुरुंगातच वारले. पुढच्याच वर्षी, एन्क्रुमा परदेश दौऱ्यावर असताना, लष्कराने सत्ता घेतली आणि अक्रामध्ये लोकांनी रस्त्यावर येऊन आनंद व्यक्त केला. खंडाचे ऐक्य उभारताना घरातल्या लोकांची संमती गृहीत धरली होती, त्याचा हा परिणाम होता.

या साऱ्या इतिहासात मला सर्वाधिक शिकवले ते टांझानियाचे पहिले अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी. त्यांच्या देशात त्यांना ‘म्वालिमू’, म्हणजे शिक्षक, म्हणत. न्येरेरे एन्क्रुमांच्या घाईचे विरोधक होते. आधी शेजाऱ्यांची संघराज्ये आणि मग खंड, असा त्यांचा क्रम होता. मात्र हा क्रम सत्तेच्या मोहातून आलेला नव्हता. केनिया, युगांडा आणि त्यांचा टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) हे तिन्ही देश एकत्र येणार असतील तर टांगानिकाचे स्वातंत्र्य लांबवायलाही आपण तयार आहोत, असे त्यांनी १९६० मध्येच जाहीर केले होते. ते घडले नाही. १९६४ च्या जुलैत ऐक्य संघटनेच्या कैरो परिषदेत, स्वातंत्र्याच्या वेळी असलेल्या सीमा सर्वांनी जशाच्या तशा मान्य कराव्यात, हा ठराव मांडण्यात पुढाकार त्यांचाच होता. सोमालिया आणि मोरोक्को यांनी त्याला मान्यता दिली नाही. बाकीच्यांनी दिली आणि आफ्रिकेच्या सीमा गोठल्या.

आणि तरीही, एप्रिल १९६८ मध्ये, नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राला मान्यता देणारे पहिले राष्ट्रप्रमुख न्येरेरेच होते. विरोधकांनी त्यांच्यावर विसंगतीचा आरोप केला. मला त्यात विसंगती वाटत नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की राज्य लोकांसाठी असते. एखाद्या समाजाला आपल्या राज्यात जिवाचीच शाश्वती उरली नाही आणि लक्षावधी माणसे जीव मुठीत धरून पळू लागली, तर त्या राज्याची अखंडता बंदुकीने टिकवणे म्हणजे ऐक्य नव्हे. सीमा जपायच्या त्या आतल्या माणसांसाठी. आफ्रिकेतील आणखी तीनच राष्ट्रांनी बियाफ्राला मान्यता दिली, आणि जानेवारी १९७० मध्ये भुकेने आणि युद्धाने मोडलेल्या बियाफ्राने शरणागती पत्करली.

१९७५ ची ऐक्य संघटनेची वार्षिक परिषद कंपालामध्ये, युगांडाचे हुकूमशहा इदी अमीन यांच्या अध्यक्षतेखाली भरली. स्वतःच्या जनतेची कत्तल करणारा माणूस वर्षभरासाठी संपूर्ण आफ्रिकेचा प्रवक्ता झाला, कारण अंतर्गत कारभारात हस्तक्षेप करायचा नाही, हे तत्त्व होते. न्येरेरे यांनी त्या परिषदेवर बहिष्कार घातला. १९७८ च्या अखेरीस अमीनच्या सैन्याने टांझानियाच्या कागेरा प्रदेशात घुसून तो युगांडाला जोडल्याचे जाहीर केले. टांझानियाचे सैन्य त्याला परतवून न थांबता पुढे गेले आणि एप्रिल १९७९ मध्ये कंपाला पडले. ऐक्य संघटनेच्या त्या वर्षीच्या मन्रोव्हिया परिषदेत टीका झाली ती न्येरेरेंवर. अमीनच्या राजवटीत मेलेल्या हजारो लोकांसाठी त्या व्यासपीठावरून एवढा जोरकस आवाज आठ वर्षांत उठला नव्हता. हा प्रसंग वर्गात सांगताना मला दर वेळी संताप आवरावा लागे.

न्येरेरे यांना देव्हाऱ्यात बसवण्याचा माझा हेतू नाही. १९७३ नंतर लक्षावधी शेतकऱ्यांना नव्या ‘उजामा’, म्हणजे सामूहिक जीवनाच्या, खेड्यांत हलवले गेले, त्यात अनेक ठिकाणी सक्ती झाली, घरे जाळली गेली. देशात एकच पक्ष होता. आणि टांगानिका व झांझिबार यांचे जे एकीकरण आफ्रिकेतील टिकलेल्या ऐक्याचे उदाहरण म्हणून नेहमी दिले जाते, ते एप्रिल १९६४ मध्ये दोन अध्यक्षांच्या सह्यांनी झाले. झांझिबारच्या लोकांना कोणी विचारले नाही. आज साठहून अधिक वर्षांनीही त्या बेटांवर संघराज्याविषयीची नाराजी निवडणुकांच्या वेळी उफाळून येते.

येथे मला गोवा आठवतो, आणि तो उगाच आठवत नाही. एप्रिल १९६१ मध्ये कॅसाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रवादी संघटनांची जी परिषद स्थापन झाली, तिच्यात अंगोला, मोझांबिक, गिनी यांच्या बरोबरीने गोव्याचे प्रतिनिधीही होते. तिच्या उभारणीत बार्देशात जन्मलेल्या आक्विनो द ब्रागांसा यांचा मोठा वाटा होता. पुढे ते मोझांबिकचे अध्यक्ष समोरा माशेल यांचे निकटचे सल्लागार झाले आणि १९८६ च्या विमान अपघातात माशेल यांच्यासोबतच मरण पावले. गोवा १९६१ च्याच डिसेंबरात मुक्त झाला. त्यानंतर महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे, हा प्रश्न १६ जानेवारी १९६७ रोजी गोवेकरांनाच थेट विचारला गेला. फूल आणि दोन पाने या चिन्हांवर मतदान झाले; वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. महाराष्ट्रातील अनेकांना, माझ्या घरातल्या वडीलधाऱ्यांनाही, तो कौल जिव्हारी लागला. पण तो मान्य झाला, आणि त्यानंतर मराठी व कोकणी माणसांत जे वाद झाले ते आपल्याला कोणी विचारलेच नाही या जखमेवरचे नव्हते. झांझिबारला हे मिळाले नाही.

लोकांना विचारले की सारे सुरळीत होते, असा माझा दावा नाही. इरिट्रियाला १९६२ मध्ये इथियोपियाने गिळंकृत केले, आणि ऐक्य संघटनेचे मुख्यालयच अदिस अबाबात असल्याने तिथे तो प्रश्न उभाही राहू शकला नाही. तीस वर्षांच्या युद्धानंतर १९९३ मध्ये सार्वमत होऊन देश स्वतंत्र झाला, पण त्यानंतर तेथे एकदाही राष्ट्रीय निवडणूक झालेली नाही. दक्षिण सुदानने २०११ मध्ये सुमारे ९९ टक्के मतांनी वेगळे होणे निवडले आणि तीन वर्षांच्या आत तो देश यादवीत सापडला. मी यातून काढतो तो अर्थ असा की स्वयंनिर्णय ही एका दिवसाच्या मतदानाची बाब नाही. नव्या राज्यातही लोकांना पुन्हा पुन्हा विचारावे लागते, आणि जिथे ते थांबते तिथे नवे राज्य जुन्यासारखेच वागू लागते.

आर्थिक बाजूला मात्र मला आशेची एक जागा दिसते. जगातला निम्म्याहून अधिक कोको घाना आणि आयव्हरी कोस्ट या दोन शेजाऱ्यांकडे पिकतो. एकाचा कारभार इंग्रजीत, दुसऱ्याचा फ्रेंचमध्ये; चलने वेगळी, वसाहतीचा वारसा वेगळा; आणि खरेदीदार मात्र मूठभर बड्या कंपन्या. २०१९ मध्ये या दोघांनी मिळून ठरवले की बाजारभावाच्या वर टनामागे ४०० डॉलर शेतकऱ्याच्या नावाने द्यावेच लागतील. खरेदीदारांनी इतर अधिमूल्ये, म्हणजे बाजारभावावर देत असलेल्या जादा रकमा, पाडून त्यातला बराच भाग परत काढून घेतला, हे खरे आहे. तरी एन्क्रुमा जे खंडाच्या पातळीवर मागत होते ते या दोन देशांनी एका पिकापुरते करून पाहिले, आणि शेतकऱ्याच्या पदरात काय पडते हा त्यात निदान मध्यवर्ती प्रश्न होता. कापूस आणि उसाच्या भावासाठी भांडणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे ऐक्य कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा लवकर कळेल.

ऐक्य संघटनेच्या जागी २००२ मध्ये आफ्रिकी संघ आला आणि त्याच्या घटनापत्रात एक मोठा बदल झाला. युद्धगुन्हे, वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे घडत असतील तर सदस्य राष्ट्रात हस्तक्षेप करण्याचा हक्क संघाला मिळाला. रवांडाने १९९४ मध्ये जे भोगले त्याची ती उशिरा दिलेली कबुली होती. पण डिसेंबर २०१५ मध्ये संघाच्या शांतता व सुरक्षा परिषदेने राजकीय हिंसाचार उसळलेल्या बुरुंडीत ५,००० सैनिक पाठवण्याचे ठरवले, बुरुंडी सरकारने नकार दिला, आणि जानेवारीच्या अखेरीस राष्ट्रप्रमुखांनी तो बेत बाजूला ठेवला. २०१८ मध्ये किगाली येथे खंडव्यापी मुक्त व्यापाराच्या करारावर सह्या झाल्या आणि पुढच्याच वर्षी तो अमलात आला. माणसांच्या मुक्त संचाराचा करारही २०१८ चाच, पण तो लागू व्हायला लागणाऱ्या १५ राष्ट्रांच्या मंजुरीच्या जवळपासही तो पोहोचलेला नाही. माल सीमा ओलांडू शकेल, माल पिकवणारा मात्र नाही, अशी ही स्थिती आहे. न्येरेरे १९९७ मध्ये अक्रात बोलताना म्हणाले होते की राष्ट्रगीते, झेंडे, पारपत्रे आणि तोफांची सलामी घेणारी माणसे एकदा वाढवून ठेवली की खंड तुकड्यांत ठेवण्यातच ज्यांचा स्वार्थ आहे अशांची फौज तयार होते, आणि एन्क्रुमांची गाठ तिच्याशीच पडली. एकेकाळच्या विरोधकाने एन्क्रुमांच्याच देशात दिलेली ही कबुली मला फार मोलाची वाटते.

या सगळ्या तत्त्वांची आजची खरी कसोटी पश्चिम सहारात आहे. स्पेन तेथून निघत असताना, ऑक्टोबर १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले की त्या प्रदेशातील लोकांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काला बाध येईल असे मोरोक्कोचे वा मॉरिटानियाचे सार्वभौमत्व सिद्ध होत नाही. काही आठवड्यांतच मोरोक्को आत शिरला. ऐक्य संघटनेने सहरावी प्रजासत्ताकाला, म्हणजे पश्चिम सहाराच्या स्वातंत्र्यवाद्यांनी जाहीर केलेल्या राज्याला, सदस्यत्व दिले तेव्हा मोरोक्को १९८४ मध्ये रुसून बाहेर पडला आणि २०१७ मध्ये आफ्रिकी संघात परतला. आज एकाच छताखाली दोघांचेही झेंडे आहेत. १९९१ च्या युद्धबंदीच्या वेळी संयुक्त राष्ट्रांनी तेथे सार्वमत घेण्याचे ठरवले होते. मतदार कोण, या यादीवरच ते अडले. अल्जीरियातील टिंडूफजवळच्या छावण्यांत तेव्हा जन्मलेली मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत, आणि ती यादी अजून पुरी झालेली नाही.