बेलग्रेडचा जो क्लब हुकूम काढून बंद केला

सर्बियाची राजधानी बेलग्रेडच्या डर्बीबद्दल, म्हणजे तिथल्या दोन क्लबांच्या, रेड स्टार विरुद्ध पार्टिझान, लढतीबद्दल, आपल्याकडचे फुटबॉलवेडेही भरभरून बोलतात. धूर, मशाली, घोषणा, सगळं खरं आहे. पण ही दोन्ही स्टेडियम ज्या जागांवर उभी आहेत तिथे आधी कोण खेळत होतं, हे फारसं कुणी विचारत नाही. पार्टिझानच्या जागी बीएसके हा क्लब होता. रेड स्टारच्या जागी होता एसके युगोस्लाविया. आज लिहायचंय ते या दुसऱ्याबद्दल. गेले काही महिने हा क्लब माझ्या डोक्यातून जात नाही.

1913 साली बीएसकेमध्ये भांडण झालं आणि काही मंडळी बाहेर पडली. त्यांच्यात दानिलो स्टोयानोविच होता. सर्बियातला फुटबॉल रुजवणारा माणूस, सगळे त्याला 'चिका दाचा' म्हणत. चिका म्हणजे काका. तर या दाचाकाकांनी आणि सोबत्यांनी नवा क्लब काढला, नाव ठेवलं 'वेलिका सर्बिया', म्हणजे विशाल सर्बिया. बाल्कन युद्धांचे दिवस होते, नावात ती हवा होतीच. पहिलं महायुद्ध संपलं, सर्ब-क्रोएट-स्लोव्हेनांचं एक राज्य झालं आणि क्लबने नाव बदलून 'युगोस्लाविया' केलं. खुद्द राज्याने ते नाव अधिकृतपणे घेतलं 1929 मध्ये. क्लब देशाच्या दहा वर्षं पुढे होता! 1924 आणि 1925, लागोपाठ दोन वर्षं हा क्लब देशाचा विजेता ठरला. तोपचिदेरच्या टेकडीवर 1927 मध्ये स्वतःचं मोठं मैदान बांधलं. रंग लाल-पांढरा.

मग एप्रिल 1941. जर्मन विमानांनी बेलग्रेड भाजून काढलं, देशाचे तुकडे झाले. 'युगोस्लाविया' हे नाव लावायची सोय उरली नाही. तेव्हा क्लबने काय नाव घेतलं माहितेय? 'एसके 1913'. फक्त जन्मसाल. आधी स्वप्नाचं नाव, मग देशाचं, आणि सगळं गेल्यावर नुसता आकडा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबून पुन्हा वाचलं.

5 मे 1945 ला नव्या कम्युनिस्ट सरकारने हुकूम काढला. व्यापलेल्या देशात जे क्लब सामने खेळत राहिले ते सगळे बरखास्त. बीएसके गेला, युगोस्लाविया गेला, तिकडे झाग्रेबमध्ये ग्राजान्स्कीही गेला. स्प्लिट शहराचा हायदुक क्लब वाचला, कारण शहर इटलीच्या ताब्यात असताना त्याने इटालियन लीगमध्ये खेळायला साफ नकार दिला होता आणि 1944 मध्ये विस बेटावर पार्टिझानांच्या, म्हणजे कब्जेदारांशी लढणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांच्या, बाजूने संघ पुन्हा उभा केला होता. हायदुकची हिंमत मोठीच, त्याबद्दल वादच नाही. पण म्हणून भुकेल्या, बंदुकीच्या धाकातल्या शहरात रविवारी चेंडू खेळणारी पोरं गद्दार ठरतात? मला हे तेव्हाही अन्याय वाटलं असतं आणि आजही वाटतं.

मिलुतिन इव्कोविचचं उदाहरण घ्या. एसके युगोस्लावियाचा उजवा बचावपटू, याच क्लबमध्ये घडलेला. 1929 मध्ये तो बास्क या क्लबमध्ये गेला. 1930 च्या पहिल्या विश्वचषकात तो देशाचा कर्णधार होता. मार्सेहून 'फ्लोरिडा' नावाच्या बोटीने ही मंडळी उरुग्वेला पोचली, आणि मोंतेव्हिदेओत त्यांनी ब्राझीलला 2-1 ने हरवलं. थेट उपांत्य फेरी. पुढे इव्कोविच डॉक्टर झाला, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकवर बहिष्कार टाका म्हणून त्याने प्रचार केला, आणि 25 मे 1943 ला गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्याला बेलग्रेडजवळच्या यायिन्त्सीत गोळ्या घातल्या. ज्या क्लबच्या मातीत हा माणूस तयार झाला, तो क्लब दोन वर्षांनी शत्रूशी संबंध ठेवणाऱ्यांच्या यादीत!

रेड स्टारची स्थापना त्या हुकुमाच्या दोन महिने आधी, 4 मार्च 1945 ची. फॅसिस्टविरोधी युवक संघटनेच्या पोरांनी काढलेला क्लब. त्याला मैदान मिळालं युगोस्लावियाचं, रंग मिळाले युगोस्लावियाचे, बरेचसे खेळाडूही तिथलेच. मी रेड स्टारला दोष देत नाही. 1991 ला बारीमध्ये मार्सेला हरवून युरोपचा चषक जिंकणारा संघ मलाही प्रिय आहे. पण मी कोल्हापूरचा आहे. तालमीचं नाव पुसून त्याच मैदानावर, त्याच रंगात दुसरी तालीम उतरवली तर पेठेतल्या म्हाताऱ्या माणसाच्या पोटात काय कालवेल, हे मला कुणी सांगायला नको.

जुनं स्टेडियम पाडून 1963 मध्ये नवं उघडलं, तेच आजचं रेड स्टारचं स्टेडियम, टोपणनाव 'माराकाना'. बांधताना मैदान जुन्या पातळीपेक्षा बरंच खाली खोदून नेलं. म्हणजे इव्कोविच ज्या गवतावर धावला ती पातळी आता खेळाडूंच्या डोक्यावर, हवेत आहे. त्या स्टेडियमला 2014 पासून राय्को मितिचचं नाव आहे. रेड स्टारचा महान खेळाडू, पण लढाईच्या काळात खेळला होता बीएसकेकडून. आणि इव्कोविचच्या नावाचा रस्ता? तो आहे पार्टिझानच्या स्टेडियमला लागून, बीएसकेच्या जुन्या जागेजवळ. दोन्ही नावं अशी एकमेकांच्या अंगणात जाऊन बसलीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की माराकानाच्या एका स्टँडला 'एसके युगोस्लाविया 1913' हे नाव द्या, आणि खाली 1924 व 1925 ही दोन सालं कोरा. ती दोन विजेतेपदं आज कुणाच्याच कपाटात नाहीत.