बटण दाबून पाहिलंत का?

माझ्या जुन्या गाडीतल्या टेपने एका रविवारी सकाळी कॅसेट गिळली. अर्धा मिनिट ती नीट वाजली, मग गायकाचा आवाज विहिरीत उतरत चालल्यासारखा खोल खोल गेला आणि शेवटी एक कण्हल्यासारखा सूर काढून सारे शांत झाले. मी इजेक्टचे बटण दाबले. आतून 'खट्' असा आवाज आला, कॅसेटने फटीतून सेंटिमीटरभर डोके बाहेर काढले आणि बाहेरच्या जगात फारसे काही नाही अशी खात्री पटल्यासारखी ती पुन्हा आत गेली.

ही हकीकत ज्याला ज्याला सांगितली, त्याने पहिला प्रश्न तोच विचारला. "अहो, बटण दाबून पाहिलंत का?" असे पत्नीने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता स्वतः दाबून पाहिले. मुलीने मोबाइलवरची नजर न काढता दाबले. शेजारच्या काकांनी तर दाबण्यापूर्वी आपले बोट शर्टाला स्वच्छ पुसून घेतले, जणू आतापर्यंत दाबलेल्या बोटांतच काही खोट होती. कॅसेटने प्रत्येकाला सेंटिमीटरभर दर्शन दिले. पक्षपात केला नाही.

वास्तविक दोष कुठे होता हे मला ठाऊक होते, आणि ते काकांना समजावून सांगण्याची संधी मी सोडली नाही. कॅसेटमधली फीत पुढे ओढली जाते ती एका बारीक पोलादी दांडीमुळे, जिच्यावर पिंच रोलर नावाचे रबरी चाक फीत दाबून धरते. आणि अशी पुढे आलेली फीत गुंडाळून घेण्याचे काम उजवीकडच्या चक्रीचे असते. आता ही चक्री ज्या रबरी बेल्टवर फिरते तो बेल्ट वयोमानाने सैल झाला, की चक्री थांबते, पण दांडी मात्र इमानेइतबारे फीत पुढे सोडतच राहते. त्या फितीला जायला जागा नसल्यामुळे ती रोलरभोवतीच वेटोळे घालते, आणि मग इजेक्टने कॅसेट कितीही उचलली तरी फीत तिला दाव्याला बांधलेल्या वासरासारखी मागे खेचते. "तेव्हा बेल्ट बदलल्याशिवाय या टेपमध्ये कॅसेट घालणे हा शुद्ध वेडेपणा आहे," असे मी ठामपणे म्हणालो. काकांनी मान डोलावली आणि पुन्हा एकदा बटण दाबले.

पहिला प्रयोग भुवया कोरायच्या चिमट्याने झाला. तो चिमटा मी न विचारता घेतला होता, एवढेच त्याविषयी सांगतो. दुसरा प्रयोग दोन फूटपट्ट्यांचा होता. त्यातल्या एकीचा सहा ते पंधरा सेंटिमीटरचा भाग अजून गाडीत कुठेतरी आहे. या काळात तोंडात टॉर्च, मान हॅंडब्रेकच्या दिशेने आणि एक पाय दाराबाहेर अशा अवस्थेत मी होतो, आणि येणारेजाणारे मदतीला थांबावे की पोलिसांना कळवावे या संभ्रमात पुढे जात होते.

शेवटी टेपच बाहेर काढायचे ठरले. आधी बॅटरीची ऋण बाजू सोडवली. अशा टेपसाठी डॅशबोर्डात १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच अशी ठरावीक मापाची जागा असते, आणि दोन्ही कडांच्या भोकांत खास चाव्या सारल्या की तो अलगद बाहेर सरकतो. त्या चाव्या मी कधीतरी अत्यंत सुरक्षित ठिकाणी ठेवल्या होत्या, त्यामुळे त्या सापडणे अशक्यच होते. हँगरची तार वाकवून काम भागवले. वरचे झाकण उघडले, आणि रोलरभोवती तपकिरी फितीचा असा घट्ट कोष दिसला, की काही क्षण मी चिमटा खाली ठेवून नुसता पाहत राहिलो.

"कापून टाका ना, बाबा," मुलगी म्हणाली.

हे वाक्य माझ्या वर्मी लागले. आमच्या पिढीने षट्कोनी पेन्सिल चक्रीच्या सहा दातांत घालून मैलोन्मैल फीत गुंडाळली आहे. फीत सोडवायची असते, कापायची नसते. तिने शांतपणे मोबाइलवर हिशेब मांडला. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते. रोलरवर फार तर दीड मीटर असेल. म्हणजे ३२ सेकंदांचे गाणे. मी तिला सांगितले की दुसऱ्या बाजूचेही ३२ सेकंद जातील, कारण फीत एकच असते. "मग चौसष्ट," ती म्हणाली, "आणि तुम्ही इथे किती वेळ आहात?" मी तीन तास होतो. नव्वद मिनिटांची कॅसेट एवढ्या वेळात दोन्ही बाजूंनी दोनदा ऐकून झाली असती.

तरीही आणखी वीस मिनिटे मी नखाने वेटोळी उलगडली, आणि मग सगळे आत गेल्यावर गुपचूप कात्री आणली.

कॅसेट बाहेर आली. पाच स्क्रू काढून ती उघडली, फितीची दोन टोके साध्या चिकटपट्टीने जोडली (हे चुकीचे आहे, कारण तिचा चिकट द्रव पाझरून पुढची वेटोळीही चिकटवतो, पण विजयाच्या क्षणी कोण शास्त्र पाहतो?), टेप जागेवर बसवला, बॅटरी जोडली. एक स्क्रू उरला. तो बहुधा पूर्वीपासूनच जास्तीचा होता.

आवाज ऐकून सगळे पुन्हा गाडीभोवती जमले. टेप चालतो की नाही हे सर्वांना दाखवणे भाग होते. त्यासाठी कॅसेट हवी होती, आणि हातात एक होतीच. ती मी आत सारली. गाणे खणखणीत सुरू झाले, जोड आली तिथे ३२ सेकंदांची उडी मारून गायकाने थेट पुढचे कडवे धरले, मी अभिमानाने पत्नीकडे पाहिले, आणि पाहता पाहता तो हळूहळू विहिरीत उतरू लागला.

काकांनी बोट शर्टाला पुसले.