माथेरानची मिनी ट्रेन कुणाची? पीरभॉयांची नाही, मध्य रेल्वेची

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजात तीन दावे आहेत. नेरळ–माथेरान मिनी ट्रेन आजही पीरभॉय कुटुंबाच्या मालकीची असून रेल्वे त्यांना भाडं देते; ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे; आणि पावसाळ्यात ती गरज नसताना मुद्दाम बंद ठेवतात.

मालकीचा दावा चूक. मार्ग बांधला अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी, पैसा वडील सर आदमजींचा, सुमारे १६ लाख रुपये. १९०७ साली गाडी धावली. हे श्रेय त्यांचंच, आणि ते ठळकपणे सांगायलाच हवं. पण आज रूळ, इंजिनं, डबे, कर्मचारी सगळं मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाकडे आहे. घोळ बहुधा विदर्भातल्या 'शकुंतला' या छोट्या रेल्वेमुळे झाला असावा. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा मार्ग खरोखर खासगी कंपनीचा राहिला होता. त्याच्या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, माथेरानच्या मार्गाचं दोन फूट.

युनेस्कोच्या यादीत दार्जिलिंग (१९९९), निलगिरी (२००५) आणि कालका–शिमला (२००८) आहेत. माथेरानचं नाव फक्त संभाव्य यादीत आहे.

तिसरा दावा सर्वांत घातक, कारण तो सुरक्षिततेलाच कटकारस्थान ठरवतो. या घाटाचा कमाल चढ १:२०, म्हणजे वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. बोरघाटात तो १:३७ आहे, तरी तिथे जड गाड्यांना मागून इंजिनं लावावी लागतात. ओल्या रुळावर पोलादी चाकाची पकड घटते: चढताना चाक जागच्या जागी फिरतं, उतरताना ब्रेक लागूनही घसरतं. चाकापुढे वाळू सोडतात, पण मुसळधार पावसात ती रुळावर टिकत नाही. त्यात दरड कोसळते, खडी वाहून जाते आणि रुळाखालच्या आडव्या स्लीपरखाली पोकळी राहते. वरून रूळ सरळ दिसतो, डब्याचं वजन आलं की खचतो. तीव्र वळणावर चाकाची कड आधीच बाहेरच्या रुळाला घासत असते. तिथे एवढं खचणंही डबा रुळावरून उतरवायला पुरतं. २००५ आणि २०१९ च्या पावसाने मार्ग इतका उखडला की दोन्ही वेळा घाटातली गाडी वर्षाहून जास्त काळ बंद राहिली.

शिवाय 'बंद' असतो तो साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत नेरळ–अमन लॉज हा घाटाचा टप्पा. पठारावरची अमन लॉज–माथेरान शटल पावसातही धावते. नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जायचं (मोटारींना पुढे बंदी आहे), तिथून थोडं चाललं की अमन लॉज स्टेशन.