धोका म्हणे पगारातच धरलेला असतो

एक मेसेज फिरतोय सगळीकडे. धोक्याच्या कामाला वेगळा भत्ता कशाला, काम घेताना धोका माहीत होता, पगारात तो धरलेलाच असतो, भत्ता दिला की माणसं बेफिकीर होतात, त्यापेक्षा सेफ्टीवर खर्च करा, आणि विमा आहेच. पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जण कधी टाकीत उतरलेत देव जाणे.

"माहीत होता" म्हणजे नक्की काय माहीत होतं? उंचीवरून पडू शकतो हे दिसतं हो. पण ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं होणारा कॅन्सर २०-४० वर्षांनी वर येतो, आणि गटारात-टाकीत साठणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तर थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास मारतो पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेला की नाकच बधिर होतं, म्हणजे वास गेला म्हणून माणूस निर्धास्त पुढे जातो नि तिथंच पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला पण बऱ्याचदा वर येत नाही.

पगारात धरलेला असतो ही थिअरी जुनीच, अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथनं १७७६ मध्ये मांडलेली, की त्रासाच्या, घाणीच्या कामाला मजुरी जास्त द्यावी लागते. बरोबर आहे, पण नाही म्हणायला हातात दुसरं काम पाहिजे ना. एकाच परांचीवर पर्मनंट माणूस आणि ठेकेदाराचा माणूस, पडले तर दोघंही तेवढ्याच उंचीवरून पडणार, मग ठेकेदारवाल्याच्या कमी पगारात तो धोका नेमका कुठं धरलाय?

बेफिकिरीचं म्हणाल तर घाई करायला लावतो तो टार्गेटचा बोनस. तासावर मिळणाऱ्या भत्त्याला घाई कशाला?

सेफ्टीवर खर्च करा, हे मात्र मला शंभर टक्के मान्य. आधी धोकाच काढून टाका, नाही जमलं तर मशीन लावा, हार्नेस-मास्क सगळ्यात शेवटी. तो खर्च कामगाराच्या माथी मारायचा नाही हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या करारातच आहे. पण एवढं करूनही जो धोका उरतो, भत्ता त्याचा. आणि "भत्ता घेतोस ना, मग उतर" असं कुणी म्हणायला लागला तर तो भत्ता चुलीत घाला, जीवावर बेतणाऱ्या कामाला नाही म्हणायचा हक्क विकलेला नसतो.

राहिला विमा. अपघात विम्याचा हप्ता ठरवताना काम काय करता हे विचारतात, आणि धोक्याचं असेल तर हप्ता वाढवतात. म्हणजे विमा कंपनीनं त्याच धोक्याचे जादा पैसे घेतले तर चालतं!