जुनं चॅट वाचणं ही पाळत आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. लाइव्ह चॅनेलवर कुणाला बॅन करण्याआधी मॉडरेटरनं, म्हणजे चॅट सांभाळणाऱ्यानं, त्या माणसाचं जुनं चॅट वाचावं, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की ही सरळसरळ पाळत आहे. चॅट म्हणजे बोलणं, ते बोललं की विरलं; मॉडरेटरनं समोरच्या ओळीपुरतं बघावं, मागचं उकरू नये. आणि बहुतेक मॉडरेटर हौसेनं, विनामोबदला काम करणारे असताना लोकांची सगळी कुंडली त्यांच्या हातात का द्यायची, हा तुमचा शेवटचा प्रश्न. तो प्रश्न रास्त आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. पण 'समोरच्या ओळीपुरतं बघा' हे मला अजिबात मान्य नाही.

लाइव्हमध्ये समोरची ओळच सगळ्यात जास्त फसवते. स्ट्रीमर, म्हणजे लाइव्ह प्रक्षेपण करणारा, बोलतो ते प्रेक्षकापर्यंत पोचायला काही सेकंद लागतात. मग प्रेक्षक टाइप करणार, मग ते चॅटमध्ये उमटणार. समजा, गेममधला शेवटचा राक्षस जेमतेम जीव धरून आहे आणि कुणीतरी लिहितं, "मर ना एकदाचा!" ती ओळ येईपर्यंत राक्षस मेलेला असतो, खेळ थांबलेला असतो आणि स्ट्रीमर स्वतःच्या आजारपणाबद्दल बोलायला लागलेला असतो. मॉडरेटरला दिसतं ते इतकंच, की आजारी माणसाला कुणीतरी मरायला सांगतंय. हात बॅनच्या बटणाकडे जाणारच. पण नावावर क्लिक केलं की ट्विच या लाइव्ह प्रक्षेपणाच्या साइटवर मॉडरेटरला एक कार्ड दिसतं आणि त्यात त्या माणसाची याच चॅनेलवरची आधीची वाक्यं असतात. "डावीकडून जा." "ढाल, ढाल!" "हा राक्षस डोक्यात जातो यार." संध्याकाळभर बिचारा राक्षसाशीच भांडतोय. या ओळी न वाचता त्याला हाकललं असतं तर त्याला कारणसुद्धा कळलं नसतं.

उलट बाजू याहून गंभीर आहे. एक प्रेक्षक आज विचारतो, "तुमच्याकडे आत्ता पाऊस पडतोय का?" अगदी साधा प्रश्न. काही दिवसांपूर्वी त्यानं विचारलेलं असतं, "मागे रेल्वेचा आवाज येतो ना?" त्याआधी, "खिडकीतून ती टाकी दिसते, कितवा मजला?" सुटी ओळ घेतली तर एकही वाक्य नियमात अडकत नाही. ऑटोमॉड, म्हणजे ट्विचची आपोआप मेसेज गाळणारी यंत्रणा, यातलं काहीच अडवणार नाही, कारण ते येणारा प्रत्येक मेसेज एकेकटा तपासतं आणि यात शिवी नाही, धमकी नाही. ओळीने वाचल्यावर मात्र लख्ख दिसतं की हा माणूस स्ट्रीमरचं घर शोधतोय. हे समोरच्या ओळीपुरतं बघणाऱ्याला कधीच दिसणार नाही. जिचं घर कुणीतरी असं शोधत आलंय तिला जाऊन सांगा, की तिच्या मॉडरेटरनं मागचं वाचायला नको होतं.

"पूर्वीच्या चॅटरूममध्ये काही साठत नव्हतं," असं तुम्ही लिहिलंय. अर्धंच खरं आहे ते. 1988 साली आलेल्या आयआरसी या चॅटच्या जुन्या व्यवस्थेत सर्व्हर जुनं बोलणं सहसा ठेवत नसे, तुम्ही आलात तिथून पुढचंच दिसायचं. पण रूममधला कुणीही आपल्या संगणकावर सगळ्यांचं बोलणं उतरवून ठेवू शकत होता आणि कितीतरी जण ठेवत होते. ट्विचच्या चॅटला आजही आयआरसीच्या पद्धतीनं जोडता येतं, त्यामुळे जाहीर चॅनेलचं चॅट कुणाही तिऱ्हाइताचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, टिपून घेऊ शकतो. पाळतीची भीती तिथे आहे, आणि त्या बाबतीत मी तुमच्याच बाजूची आहे. दहा चॅनेलवरचं एका माणसाचं बोलणं एकत्र करून शोधता येईल असं मांडणं मला घातक वाटतं. मॉडरेटरचं कार्ड तसं नाही. त्यात मुख्यतः त्या चॅनेलवरचे मेसेज, तिथले टाइमआउट (थोड्या वेळापुरती बंदी) आणि बॅन, आणि मॉडरेटरांनी एकमेकांसाठी लिहिलेल्या टिपा दिसतात. त्या माणसानं दुसऱ्या चॅनेलवर काय लिहिलं किंवा कुणाला खासगीत काय पाठवलं, ते त्यात येत नाही.

एक मोठा अन्याय मात्र या व्यवस्थेत आहे आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख नाही, म्हणून तो विषय मीच काढते. टाइमआउट दिला की त्या माणसाचे पडद्यावरचे आधीचे मेसेजही प्रेक्षकांसमोरून जातात, एकच चुकलेला असला तरी. मॉडरेटरला ते दिसत राहतात. म्हणजे वाद झाला तर एका पक्षाकडे सगळी कागदपत्रं आणि दुसऱ्याचे हात रिकामे. म्हणून बॅन उठवण्याची विनंती आली की मी आधी त्या माणसाला त्याचीच ओळ, तारखेसकट, परत लिहून पाठवते आणि मग त्याचं म्हणणं ऐकते. नुसतं "नियमभंग" असं उत्तर देणं मला चुकीचं वाटतं.

आता, किती मागे जायचं? तुमची खरी चिंता हीच असावी. ट्विचवर पार्टनर, म्हणजे ट्विचशी करार असलेल्या, चॅनेलचं जुनं प्रक्षेपणसुद्धा 60 दिवसांनी जातं, बाकी बहुतेकांचं त्याहून लवकर. यूट्यूबवर व्हिडिओसोबत चॅटचा रीप्ले बघता येतो, पण प्रक्षेपण 12 तासांपलीकडे गेलं तर ते आपोआप साठवलंच जात नाही. व्हिडिओ गेला तरी कार्डावरचं वाक्य राहतं, आणि मग ते वाक्य राक्षसाला उद्देशून होतं की माणसाला, हे सांगायला काहीच उरत नाही. म्हणून ज्या मेसेजचा व्हिडिओ मला बघता येत नाही, त्या मेसेजवर मी कुणाला शिक्षा करत नाही. घर शोधणाऱ्यासारखी सलग साखळी दिसली तरच अपवाद, कारण तिथे ओळींचा अर्थ ओळींनीच लागतो. आणि समोर निर्णय नसेल तर कार्ड उघडायचंच नाही. नुसत्या उत्सुकतेपोटी एखाद्याचं जुनं बोलणं वाचत बसणं, त्याचा स्क्रीनशॉट मित्रांत फिरवणं, याला मीही पाळतच म्हणेन. असं करणाऱ्याकडे मॉडरेटरचे अधिकार राहू नयेत.

2021 च्या ऑगस्टमध्ये ट्विचवर बॉटांच्या झुंडी चॅनेलांवर तुटून पडत होत्या, तेव्हा जुनं चॅट वाचायला ना सवड होती ना काही वाचण्यासारखं होतं, सगळी खाती कोरी. झुंड आली की चॅट फक्त फॉलोअरांपुरतं करा किंवा थोडा वेळ बंदच ठेवा. एरवी मात्र कोरं कार्ड हा संशय नाही. नवा प्रेक्षकही कोराच असतो.

राहिला हौशी मॉडरेटरांचा प्रश्न. कार्डावरच्या टिपांमधून पूर्वग्रह पसरतात, हे तुमचं म्हणणं मला पटतं. "डोकेदुखी आहे", "लक्ष ठेवा" असलं लिहिलेलं असलं की पुढचा मॉडरेटर त्या माणसाचं साधं वाक्यही वाकडं वाचतो. टिपा बंद कराव्यात हा तुमचा उपाय मला नको, कारण रात्री बसणाऱ्याला संध्याकाळी काय झालं ते कळायला हवं. आमच्या चॅनेलवर टिपेत फक्त तारीख, मूळ मेसेज आणि काय केलं एवढंच लिहायचं. माणसाला विशेषण लावायचं नाही. कुणी लावलंच तर ती टीप मी काढून टाकते आणि लिहिणाऱ्याला मूळ ओळ मागते.